अकॉर्डियनची बदनामी, त्याचा भाता आणि नागपूरचा उन्हाळा

नागपुरात जुन्या हिंदी गाण्यांच्या कार्यक्रमांना तोटा नाही. सायंटिफिक सभागृह म्हणा, वसंतराव देशपांडे सभागृह म्हणा, रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह म्हणा, कुठे ना कुठे शंकर-जयकिशन नाही तर आर. डी. सुरूच असतात. या गाण्यांत अकॉर्डियनचे (छातीशी धरून, भाता ओढून वाजवायच्या वाद्याचे) तुकडे हमखास येतात आणि बहुतेक वेळा ते कीबोर्डवर वाजतात. मंचावर खरं अकॉर्डियन असलंच, तर मध्यंतरात चहा घेताना प्रेक्षक म्हणतात, ‘गाणारा छान होता, पण ते अकॉर्डियन फारच ओरडत होतं.’

ही तक्रार खोटी नाही. अकॉर्डियन खरंच ओरडतं, पण त्याला ओरडायला लावणाऱ्या गोष्टी मोजक्या आणि दुरुस्त होण्यासारख्या आहेत. सगळे संच (सूर देणाऱ्या धातूच्या जिभांचे गट) एकदम उघडे ठेवून वाजवणं, वर्षानुवर्षं ट्यूनिंग न करणं आणि माइक भलत्या जागी लावणं. या तिन्हींचं खापर मात्र वाद्याच्या डोक्यावर फुटतं.

पाश्चात्त्य देशांतही या वाद्याची टिंगल होतेच, तिची कारणं थोडी वेगळी. व्हिएन्नात सिरिल डेमियनने १८२९ मध्ये पेटंट घेतलं, ते मुळात डाव्या हाताला तयार कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) देणाऱ्या छोट्या पेटीचं. एका बोटात अख्खा कॉर्ड, म्हणजे चाल, ठेका आणि साथ तिन्ही एकाच माणसाकडे. गावातल्या लग्नात तिघांचे पैसे देण्याऐवजी एकाला बोलावलं की काम भागायचं. स्वस्त, उचलून नेण्याजोगं आणि मोठ्या आवाजाचं, त्यामुळे ते दारूच्या गुत्त्यापासून जहाजापर्यंत सगळीकडे पोचलं आणि ‘खालच्या दर्जाचं’ हा शिक्का घेऊनच पोचलं. गंभीर संगीतकारांची अडचण निराळी होती. डाव्या हाताचे कॉर्ड कारखान्यातूनच ठरून आलेले, ते फोडता येत नाहीत. तरीही चायकोव्हस्कीने १८८३ च्या आपल्या दुसऱ्या ऑर्केस्ट्रल सूटमध्ये चार अकॉर्डियन वापरली. पुढे डाव्या हाताला सुटे स्वर देणारी ‘फ्री बास’ वाद्यं आली. डेन्मार्कच्या मॉगेन्स एलेगार्डने संगीतकारांच्या मागे लागून या वाद्यांसाठी नव्या रचना लिहून घेतल्या. सोफिया गुबायदुलिनाची ‘दे प्रोफुंदिस’ (१९७८) ही बायान या रशियन बटण-अकॉर्डियनसाठी लिहिलेली रचना एकदा कानावर पडली, की या वाद्याला फक्त पोल्कासारखं नाचाचं संगीतच जमतं असं म्हणायची हिंमत होत नाही.

खरं तर मराठी माणसाने अकॉर्डियनला नावं ठेवण्याआधी आपल्या पेटीची कुंडली आठवावी. पेटी आणि अकॉर्डियन ही एकाच कुळातली भावंडं. दोन्हींत धातूची पातळ जीभ, म्हणजे रीड, हवेच्या झोताने थरथरते आणि तिची लांबी-जाडी स्वर ठरवते. पॅरिसच्या आलेक्सांद्र दबॅंने १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं, कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी तिला हाताच्या भात्याचं, मांडी घालून वाजवायचं रूप दिलं. मग १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (स्वरांमधले बारीक भेद) धरत नाही, परकी आहे, असे तेव्हाचे आरोप. ती बंदी १९७१ मध्ये सैल झाली. मधल्या काळात मराठी रंगभूमी, कीर्तन आणि भजन यांनी पेटीला सोडलं नाही. गोविंदराव टेंबे यांच्यापासून एकल पेटीवादनाची परंपराच आपल्याकडे उभी राहिली. अकॉर्डियनवरचे आक्षेप शब्दाला शब्द तेच आहेत आणि जिथे ते खरे आहेत तिथे पेटीलाही तितकेच लागू पडतात. समान पट्टीतला (सप्तकाचे बारा सारखे भाग करून लावलेला) शुद्ध गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (एका अर्धस्वराचे १०० सेंट). हा दोष दोघींचा आहे. पेटीचा आपण पोटात घातला.

आता फरक कुठे आहे ते पाहू, कारण अकॉर्डियनचं सगळं सामर्थ्य त्या फरकात आहे.

पेटीला दोन भाते असतात. बाहेरचा हाताने हलतो आणि आतल्या भात्यात हवा भरतो. आतला भाता स्प्रिंगच्या दाबाखाली ती हवा रीडना पुरवतो. त्यामुळे हात थोडा थांबला तरी सूर तुटत नाही. पण हाताने दिलेला झटका, हलकेपणा, आवाजाचा चढउतारही ती स्प्रिंग बराचसा गिळून टाकते. अकॉर्डियनमध्ये मधला भाता नाही. डाव्या मनगटाचा दाब थेट रीडवर. एकाच स्वरावर आवाज कुजबुजीपासून सुरू करून वाढवायचा, शेवटी पुन्हा विरवायचा, हे इथे सहज होतं. स्वराची सुरुवातही दोन प्रकारे करता येते. आधी पट्टी दाबून मग भाता हलवला तर सूर कुठून आला ते कळत नाही, तो धुक्यातून यावा तसा येतो. आधी भात्यात दाब धरून मग पट्टी दाबली तर सूर टचकन फुटतो. गाण्याच्या ओळींमधल्या मोकळ्या जागा भरताना पहिला प्रकार, ठेक्याच्या गाण्यात दुसरा. ‘रूप तेरा मस्ताना’मधलं केरसी लॉर्ड यांचं अकॉर्डियन या कानाने पुन्हा ऐका. गुडी सीरवाई, पुण्याचे एनॉक डॅनियल्स यांचंही वादन असंच ऐकावं. पट्ट्यांवरची बोटं कीबोर्डवर नक्कल करता येतात, भाता नाही. कीबोर्डवरचा अकॉर्डियनचा आवाज सपाट वाटतो त्याचं कारण हेच. एक्स्प्रेशन पेडल जोडून पायाने आवाज वरखाली केला तर थोडी जान येते, पण आपल्या ऑर्केस्ट्रांत तो पेडल फारसा कोणी वापरत नाही.

यासाठी वाद्याला किंमतही मोजावी लागते. पेटीत हवा एकाच दिशेने जाते म्हणून एका स्वराला एका संचात एक रीड पुरते. ३९ पट्ट्यांच्या दोन संचांच्या पेटीत ७८ रीड. अकॉर्डियनचा भाता उघडताना एक रीड वाजते आणि मिटताना दुसरी, दोन्ही एकाच स्वराच्या. ४१ पट्ट्या आणि उजवीकडे चार संच असलेल्या १२० बासच्या (डाव्या हाताला १२० बटणं असलेल्या) वाद्यात ४१ गुणिले ४ गुणिले २, म्हणजे ३२८ रीड. डावीकडे बारा स्वरांचे पाच संच धरले तर आणखी १२०. एकूण ४४८ पोलादी जिभा, शेकडो चामडी किंवा प्लॅस्टिकच्या झडपा, आणि सगळं मिळून दहा-बारा किलो. यातली एक जरी बिघडली तरी ऐकू येते.

रजिस्टर: ओरडण्याचं पहिलं कारण

उजव्या पट्ट्यांच्या वर किंवा जाळीवर जी बटणं (रजिस्टर) असतात त्यांवर वर्तुळात ठिपके असतात. वर्तुळाचे तीन मजले समजा. खालचा ठिपका म्हणजे खर्ज संच, मधले एक, दोन किंवा तीन ठिपके म्हणजे मध्य सप्तकाचे संच, वरचा म्हणजे तार सप्तकाचा. सगळे ठिपके भरलेलं बटण म्हणजे मास्टर. एका पट्टीत चार-पाच रीड एकदम. नवशिक्याला हे भरघोस वाटतं, म्हणून तो मास्टर दाबतो आणि शेवटपर्यंत सोडत नाही. गायकाच्या आवाजाशी भांडण तिथेच सुरू होतं, कारण तार संच नेमका गाण्यातली व्यंजनं जिथे ऐकू येतात त्या वारंवारतेत जाऊन बसतो. शब्द कळेनासे होतात.

गायकामागे एकच मधला ठिपका लावावा. हा आवाज क्लॅरिनेटसारखा असतो आणि गळ्याला वाट देतो. पुरुष गायकामागे नुसता खर्ज संच लावून बोटं एक सप्तक वर नेली तर स्वर तोच राहतो, पोत मात्र गडद होतो. भावगीताला हे फार शोभतं. खर्ज आणि एक मधला मिळून टँगो नाचातल्या बँडोनियन या वाद्यासारखा भारदस्त रंग येतो, तो कडव्यांमधल्या संगीताला चांगला. दोन मधले ठिपके म्हणजे थरथरता आवाज, नाचाच्या गाण्यांचा. मास्टर फक्त गाण्याच्या शेवटच्या दोन-चार मात्रांना ठेवा. एवढी शिस्त पाळली तरी अर्धी बदनामी जाते.

थरथर म्हणजे काय, आणि ती बिघडते कशी

दोन मधले संच मुद्दाम एकमेकांपासून जरा सरकवून लावलेले असतात. एक ४४० हर्ट्झवर (सेकंदाला ४४० कंपनं), दुसरा ४४५ वर असेल तर सेकंदाला पाच हेलकावे ऐकू येतात. सेंटमध्ये हा फरक सुमारे २०. ही फ्रेंच मुझेत धाटणी, जत्रेतल्या पाळण्याची आठवण करून देणारी. पाच सेंटांच्या आतला फरक जवळपास कोरडा, आठ-दहा सेंटांचा मवाळ. आपल्या गाण्यांसाठी मवाळ किंवा कोरडं ट्यूनिंगच बरं. षड्ज जिथे स्थिर हवा तिथे सेकंदाला पाच वेळा डुलणारा सूर गायकाला आधार देत नाही, त्याला ढकलत राहतो.

जुन्या वाद्यात खरा घात होतो तो निराळाच. हेलकाव्यांचा वेग खालून वर जाताना हळूहळू वाढत जायला हवा. वर्षानुवर्षांत काही रीड गंजून जड होतात आणि उतरतात, काहींवरचं मेण सैल होतं. मग एका पट्टीला सेकंदाला दोन हेलकावे, शेजारच्या पट्टीला सात, तिसरीला एकही नाही. कान याला थरथर म्हणून स्वीकारत नाही, बेसूर म्हणून नाकारतो. तपासायला सोपं आहे. दोन मधल्या ठिपक्यांचं बटण लावा, एकेक पट्टी सावकाश दाबत खालून वर जा आणि हेलकावे मोजा. मग एकच ठिपका लावून फोनवरच्या ट्यूनरने मूळ संच तपासा. पुष्कळ युरोपीय वाद्यं ४४२ वर लावलेली असतात. कीबोर्ड ४४० वर असेल तर हा जवळजवळ आठ सेंटांचा फरक दोघं एकत्र वाजताच जाणवतो. अशा वेळी कीबोर्डच्या मास्टर ट्यूनिंगमध्ये ४४२ टाका. अकॉर्डियनला हात लावू नका.

डावा हात, आपल्या भाषेत

डाव्या हाताची १२० बटणं पाहून पेटीवाले घाबरतात. खरं तर हाच भाग त्यांना सर्वांत लवकर कळायला हवा, कारण तो षड्ज-पंचम भावावर बांधलेला आहे. भात्याच्या बाजूने दुसरी रांग मूळ स्वरांची. तिच्यात खड्डा किंवा खडा असलेलं बटण पांढरी एक, म्हणजे सी. त्याला सा माना. हनुवटीकडे सरकलं की पुढचं बटण प, मग रे, ध, ग, नि आणि शेवटी तीव्र मध्यम. सा पासून खाली, मांडीकडे सरकलं की म, मग कोमल नि, कोमल ग, कोमल ध, कोमल रे. वर गेलं की शुद्ध स्वर आणि शेवटी तीव्र म, खाली गेलं की मध्यमानंतर सगळे कोमल. इतकी सरळ मांडणी पेटीच्या काळ्या-पांढऱ्यांतही नाही. भात्याला अगदी चिकटलेल्या पहिल्या रांगेत प्रत्येक स्वराच्या शेजारी त्याचा शुद्ध गंधार असतो. तिसऱ्या रांगेपासून पुढे मेजर, मायनर, सेव्हन्थ आणि डिमिनिश्ड असे तयार कॉर्ड.

याचा मोठा फायदा असा की गायकाने काळी दोन सांगितली काय किंवा पांढरी चार, डाव्या बोटांचा नकाशा तोच राहतो, फक्त सगळा हात वर किंवा खाली सरकवायचा. उजव्या हाताला पियानोच्या पट्ट्या असल्याने तिथे ही सोय नाही. बटण-अकॉर्डियनला ती दोन्हीकडे आहे, पण ती वाद्यं आपल्या बाजारात विरळाच.

आणि इथेच एक चूक हमखास होते. भूपाळी असो वा भैरवी, डाव्या हाताने मेजर कॉर्डचं बटण दाबून ठेवायचं. मेजर कॉर्डमध्ये शुद्ध गंधार आहे. चालीत कोमल गंधार आला की दोन गंधार एकमेकांवर आदळतात आणि लोक म्हणतात अकॉर्डियन रागदारीला चालत नाही. अशा गाण्यात कॉर्डला हातच लावू नये. मूळ रांगेतली सा आणि प ही शेजारची दोन बटणं एकत्र दाबा, गंधार नसलेला मोकळा आधार मिळतो. मध्यमप्रधान चालीला सा आणि म, तेही शेजारीच. भाता फिरवताना हा आधार क्षणभर तुटतो. म्हणून भाता सम किंवा ओळीचा शेवट पाहून फिरवायचा, शब्दाच्या मध्ये कधीच नाही. गायक जिथे श्वास घेतो तिथे तुमचाही भाता फिरला, तर तो बदल कोणाला कळत नाही.

मींड निघत नाही हे मान्यच. कण, खटका, मुरकी असे स्वरांचे बारीक अलंकार निघतात, आणि पेटीपेक्षा बऱ्या निघतात, कारण प्रत्येक कणाला भात्याने वेगळं वजन देता येतं. खालच्या सप्तकात पट्टी अर्धवट दाबून भात्याचा दाब वाढवला की सूर किंचित खाली वाकतो. ही करामत जपून वापरायची, रोज केली तर रीड लवकर थकते.

पेटीवरून इकडे येणाऱ्यांनी पहिला महिना बोटांकडे न पाहता भात्याकडे द्यावा. पेटीची सवय म्हणून हात सारखा पंप करतो. इथे लांब, संथ ओढ हवी. वाद्य मांडीवर असं ठेवा की भाता डाव्या मांडीवर टेकेल आणि पट्ट्यांची बाजू उजव्या मांडीच्या आत अडकून स्थिर राहील. हलायला हवा फक्त डावा भाग. भाता पंख्यासारखा वरून उघडतो, खालून जवळपास मिटलेलाच राहतो. एक मधला ठिपका, एक स्वर, मंद आवाज. उघडताना वीस सेकंद, मिटताना वीस, आणि वळणावर आवाजात धक्का नाही. ट्यूनरची सुई हलते का पाहा. हललीच तर दाब समान नाही. पाठीमागचा आडवा पट्टा बांधायचा कंटाळा करू नका. तो नसला की खांद्याचे पट्टे घसरतात आणि उजव्या हाताला वाद्य तोलण्याचं काम लागतं.

माइक

अकॉर्डियनचा आवाज दोन बाजूंनी येतो आणि त्यातली एक बाजू सतत फिरत असते. जाळीसमोर एकच माइक ठेवला की चाल ऐकू येते, बास गायब. उजव्या बाजूला जाळीपासून सुमारे ३० सेंटिमीटरवर एक स्टँडचा माइक, आणि डाव्या पेटीवर चिकटणारा किंवा अडकवायचा छोटा माइक. तो भात्याबरोबरच फिरतो म्हणून अंतर बदलत नाही. माइक जाळीला चिकटवला तर पट्ट्यांची खटखट सुरापेक्षा मोठी येते. साउंडवाल्याला दोन ते चार किलोहर्ट्झच्या पट्ट्यात थोडं उतरवायला सांगा, कर्कशपणा बहुतेक तिथे असतो. रिव्हर्बही कमी. या वाद्यावर रिव्हर्ब ओतला की हेलकाव्यांचा चिखल होतो.

नागपूरची हवा

आता खास आपल्या गावाचा प्रश्न. अकॉर्डियनच्या रीडच्या पट्ट्या लाकडी ठोकळ्यांवर मेणाने बसवलेल्या असतात. मधमाशांचं मेण आणि राळ यांचं हे मिश्रण. मेण वितळतं ६२ ते ६४ अंशांना, पण मऊ त्याच्या बरंच आधी होतं. नवतप्यात (मेअखेरच्या तापत्या नऊ दिवसांत) बाहेर ४५ असताना उन्हातल्या बंद गाडीत तापमान साठीच्या घरात सहज जातं. दुपारी सीताबर्डीत काम उरकेपर्यंत वाद्य डिकीत ठेवलं, तर संध्याकाळी भाता हलवताच आत खडखड ऐकू येईल. रीडच्या पट्ट्या सुटून खाली पडलेल्या असतात. उन्हाळ्यात वाद्य गाडीत न्यायचं तर सीटवर, थंड केलेल्या गाडीत, आणि उतरताना सोबत घेऊनच उतरायचं. गच्चीखालच्या खोलीतल्या माळ्यावरही ठेवू नका, मे महिन्यात तो भट्टीच असतो.

दुसरा शत्रू कूलर. बाहेरची हवा कोरडी ठक्क, पण कूलरच्या झोतात दमट. एप्रिल ते जून वाद्य कूलरसमोर राहिलं की पोलादी रीडना पावसाळ्याआधीच गंज धरतो आणि चामडी झडपा वाकतात. वाकलेली झडप वेळेवर मिटत नाही. सूर उशिरा निघतो किंवा फर्र असा आवाज येतो. रियाज कूलरच्या खोलीत करायला हरकत नाही, पण झोताच्या रेषेत बसू नका आणि झालं की वाद्य त्याच्या खोक्यात, खोकं दुसऱ्या खोलीत. पावसाळ्यात खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्यांचा रंग बदलला की बदला किंवा तापवून वाळवा. गणपतीत मंडपात वाजवून भिजल्या हवेत घरी आलात तर लगेच बंद करून ठेवू नका. पंख्याखाली थोडा वेळ उघडं ठेवा. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत उलटी गोष्ट होते. गार झालेलं वाद्य भरलेल्या उबदार सभागृहात आणलं की रीडवर दव धरतं. झाकण उघडून अर्धा तास हवा लागू द्या, मगच वाजवा.

खोक्यात ठेवताना वाद्य आपण वाजवतो तसं उभं ठेवावं, आडवं नाही. आडवं ठेवलं की काही झडपा स्वतःच्या वजनाने लोंबतात आणि तशाच वाकून बसतात. पट्ट्यांखालच्या फेल्टला कसर लागते, तिच्यासाठी कडुनिंबाची वाळलेली पानं किंवा डांबराच्या गोळ्या कापडात बांधून, वाद्याला न टेकता.

जुनं वाद्य घेताना

बाजारात जी जुनी वाद्यं फिरतात त्यांत जर्मन होनर आणि वेल्टमाइस्टर, चिनी पॅरट आणि हीरो, क्वचित कास्तेलफिदार्दोची इटालियन नावं दिसतात. नाव पाहून भुलू नका. एका चांगल्या घराण्याचं पण तीस वर्षं बंद राहिलेलं वाद्य साध्या नव्या वाद्यापेक्षा महाग पडू शकतं.

आधी भाता. भात्याचे पट्टे सोडा, एकही पट्टी न दाबता वाद्य पट्ट्यांच्या बाजूने धरा आणि डावी बाजू खाली लोंबू द्या. ती क्षणभरात सरकन उघडली तर हवा गळते. गळती कोपऱ्यांच्या पत्र्यांखाली, भात्याच्या चौकटीच्या पट्टीत किंवा पट्ट्यांच्या झाकणांत असते. कोपरा दुरुस्त होतो. चिरलेला भाता बदलणं हे मोठं काम. मग प्रत्येक पट्टी, प्रत्येक संचात, उघडताना आणि मिटताना स्वतंत्र. एका दिशेला वाजते आणि दुसऱ्या दिशेला नाही, तर त्या एका रीडमध्ये कचरा किंवा गंज. दोन्ही दिशांना फुसकी, तर पट्टीचं झाकण नीट उघडत नाही. दाबलेली नसताना कुईं असा सूर येत राहिला तर झाकण नीट मिटत नाही. डावीकडची बटणं एकेक दाबून सोडा. आत रुतून बसणारं बटण म्हणजे आतल्या तारा-दांड्या वाकलेल्या, आणि ते उघडून नीट लावणं वेळखाऊ काम आहे.

मालकाची परवानगी असेल तर भात्याभोवतीच्या पिना पक्कडीने काढून आत पाहा. पिना काढताना ज्या क्रमाने निघतात त्या क्रमाने कागदावर टोचून ठेवा, प्रत्येक भोक जरा निराळं घासलेलं असतं. आत ओलीचा कुबट वास आला, मेण पांढरट, चिरलेलं किंवा नखाने टिचणारं दिसलं, किंवा रीडवर तपकिरी ठिपके असले, तर सगळे ठोकळे नव्याने मेणावर बसवण्याचा खर्च किमतीतून वजा करून बोला.

दुरुस्तीसाठी अनेक जण पेटी बनवणाऱ्यांकडे जातात. तत्त्व एकच आहे. जिभेचं टोक घासलं की सूर चढतो, बुंध्याकडे घासलं की उतरतो. पण गुजरातेतल्या पालिताण्याच्या पितळी रीडवर तयार झालेला हात पोलादी रीडवर जड पडतो. पितळ मऊ, तिथे दोन घासांत जे होतं ते पोलादावर होत नाही, म्हणून कारागीर जोर वाढवतो आणि जीभ कायमची अशक्त करून ठेवतो. शिवाय पेटीची रीड सुटी काढता येते, ही मेणात रोवलेली. घासताना खाली पातळ पत्र्याची पट्टी सरकवून जिभेला आधार द्यायला हवा, आणि दर घासानंतर वाद्यात बसवूनच स्वर तपासायला हवा, कारण ठोकळ्यातला स्वर आणि टेबलावरचा स्वर यांत फरक असतो. कारागिराला काम देण्याआधी त्याने एवढं सांगितलं तर निर्धास्त राहा.

कामाचा क्रमही ठरवून घ्या. आधी भात्याची गळती, मग मेण, मग झडपा, मग रीडची स्वच्छता, आणि ट्यूनिंग सगळ्यात शेवटी. गळका भाता दाब देत नाही, वाकडी झडप सूर खाली ओढते. अशा वाद्यावर आधी ट्यूनिंग केलं तर झडपा बदलताच सगळे सूर पुन्हा सरकतात. मग त्याच रीड दुसऱ्यांदा घासाव्या लागतात, आणि प्रत्येक घास म्हणजे तेवढं पोलाद कमी. ट्यूनिंगही जूनमध्ये नको. दिवाळीनंतर, हवा स्थिरावली की करा, आणि नंतर आठवडाभर वाजवून एकदा फेरतपासणी करून घ्या.